बिनदातांचं फ्रेंच

गेल्या वर्षी माझे उरलेसुरले दात काढले. डेंटिस्ट मुलगी चांगली होती, माझ्या नातीपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "आजोबा, कवळी बसेपर्यंत महिनाभर बोलायला त्रास होईल हं." झाला. मराठी बोलताना झाला, इंग्रजी बोलताना झाला, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी कन्नड बोलताना तर इतका झाला की शेवटी मी नुसता बोटाने दाखवायला लागलो. फक्त फ्रेंचला काही झालं नाही. ते जसंच्या तसं आलं, उलट थोडं सुधारलंच. कारण मी ते मुळात शिकलो होतो तेच बिनदातांचं.

ज्यांच्याकडे शिकलो त्यांना सगळे मेष्ट्रू म्हणत. कन्नडमध्ये मेष्ट्रू म्हणजे मास्तर. वास्तविक ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. लालबागेच्या बाजूला बी-बियाणं आणि कलमं विकणारी एक जुनी नर्सरी होती, तिथे ते परदेशी पत्रव्यवहार बघत. फ्रान्सहून फुलकोबीचं बी यायचं, स्पेनहून कांद्याचं. ते मागवायचं, उगवलं नाही तर तक्रार करायची, उगवलं तर आभार मानायचे, हे सगळं ते त्या त्या देशाच्या भाषेत करत. कांद्याचं बी चांगलं उगवलं म्हणून परक्या देशातल्या व्यापाऱ्याला दोन पानी पत्र लिहिणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन बंगलोरला एका सरकारी कारखान्यात लागलो होतो. कारखान्याने फ्रान्सहून मोठाली यंत्रं घेतली होती आणि ती शिकून घ्यायला दोन इंजिनिअरांना वर्षभर तिकडे पाठवणार होते. ज्याला फ्रेंच येईल त्याचा नंबर आधी, असं सगळे म्हणत. मला जायचंच होतं. का, ते विचारू नका. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी माणसाला जायचंच असतं.

मेष्ट्रूंचं घर राजाजीनगरात होतं. तेव्हाचं राजाजीनगर म्हणजे आखलेले रस्ते, नंबर घातलेले दगड आणि मध्ये वाऱ्याला मोकळं रान. तीन प्लॉट रिकामे सोडून एक घर. मी मल्लेश्वरमहून सायकलने जायचो आणि पोचेपर्यंत केसात तांबडी धूळ भरायची. दार अक्का उघडायची. अक्का म्हणजे मेष्ट्रूंची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. मेष्ट्रूंनी लग्न केलंच नव्हतं. ही मंडळी तीनेकशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेली. त्यांचं मराठी त्या फौजेबरोबर आलं ते इथेच राहिलं, आणि मग कन्नडच्या शेजारात त्याला वेगळेच फाटे फुटले.

पहिल्या दिवशी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोर पांढरं धोतर, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, डोक्यावर विरळ पण काळजीपूर्वक विंचरलेले केस, असे साठीचे मेष्ट्रू.

"पुण्याहून आलो म्हणता. म्हणजे पुणं सोडलात," ते म्हणाले.

"हो."

"फ्रेंचात सांगा बघू."

"येत नाही सर. म्हणून तर आलोय."

"सरी," ते कन्नडमध्ये बरं म्हणाले, "मग तिथूनच सुरू करू या की."

आणि त्यांनी तिथून जे सुरू केलं ते महिनाभर तिथेच राहिलं. एक क्रियापद. फ्रेंचात 'कीते', स्पॅनिशात 'कितार'. एकाच आईच्या पोटची दोन भावंडं, पण वेगवेगळ्या घरी दत्तक गेलेली, असं ते म्हणायचे. फ्रेंच 'कीते' म्हणजे सोडणं. गाव सोडणं, नोकरी सोडणं, बायकोला सोडणं. पण ते कधी एकटं उभं राहत नाही. नुसतं 'मी सोडतो' म्हटलं की फ्रेंच माणूस विचारणार, काय सोडता? जे सोडलं त्याचं नाव घेतल्याशिवाय तो तुम्हाला उंबरा ओलांडू देत नाही. नुसतं निघून जायला त्यांच्याकडे दुसरं क्रियापद आहे. आणि स्पॅनिश 'कितार' म्हणजे काढून घेणं. ताटातली पोळी काढून घेतली, पोराच्या हातातला चाकू काढून घेतला. तिथे काय घेतलं हे तर सांगायचंच, पण कुणाकडून घेतलं तेही सांगायचं. ज्याचं गेलं त्याच्यासाठी क्रियापदाच्या आधी एक बारकासा शब्द येतो, राखून ठेवलेल्या पाटासारखा.

"फ्रेंच माणूस बघतो, कोण गेला," मेष्ट्रू म्हणायचे. "स्पॅनिश माणूस बघतो, कुणाचं गेलं. आता मराठीत काय बघतात सांगा."

मी म्हटलं, "मी पुणं सोडलं. मी टोपी काढली."

"बघा! तुमच्या पुण्याच्या मराठीत सोडणाऱ्याला कुणी विचारतच नाही. पुणं सोडलं, टोपी काढली, सगळं लक्ष त्या वस्तूवर. आमच्या घरात आम्ही काय म्हणतो माहीत आहे? मी टोपी काढलो. मी कॉफी घेतलो."

"पण ते चूक आहे."

"चूक असेल. पण माणूस दिसतो की हो त्यात!"

मला त्या वयात चूक म्हणजे चूक वाटायची. मी पुण्याचा होतो.

त्यांच्या खोलीत नर्सरीने टाकून दिलेलं बियाण्यांचं एक लाकडी कपाट होतं, छोट्या छोट्या खणांचं. खणांवर अजून जुनी नावं होती: मुळा, वाल, घेवडा, कोबी उशिराचा. त्या खणांत बियाण्यांची रिकामी पाकिटं, आणि पाकिटांत शब्द. एका पाकिटात एक शब्द. वाचताना, पत्रं लिहिताना त्या शब्दाची एखादी नवी चाल सापडली की ती चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकायची. 'कीते' आणि 'कितार' यांचं पाकीट उशिराच्या कोबीच्या खणात होतं आणि इतकं फुगलं होतं की त्याला दोरा बांधला होता. कुणी विचारलं, मेष्ट्रे, याचं पुस्तक कधी होणार, तर ते म्हणायचे, "पेरून ठेवलो आहे. रोज उकरून बघितलो तर येईल काय?"

आम्ही सातजण होतो. सगळे कारखान्यातले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सहाला. आणि आता मुख्य गोष्ट सांगतो. मेष्ट्रू आम्हाला ओठ आत घ्यायला लावत. दोन्ही ओठ दातांवरून आत वळवायचे, दात झाकायचे आणि मग बोलायचं. "ओठ आत!" ते म्हणायचे. "दात दिसता कामा नये." आम्ही सात पदवीधर इंजिनिअर ओळीने बाकावर बसून, तोंडाचं बोचकं करून, कीते, कीते, कीते म्हणायचो. रस्त्याने जाणारी माणसं सायकली थांबवून बघायची. अक्का कॉफी घेऊन यायची ती पदर तोंडाला लावून. 'स'चा 'श' व्हायचा, 'व'चा निव्वळ वारा. मी खोलीवर आरशासमोर उभा राहून सराव करायचो आणि मला त्यात माझी आजी दिसायची. पण मला वाटायचं, फ्रेंच लोक असेच बोलत असतील. परदेशातल्या माणसांबद्दल आपण काय वाटेल ते खरं मानतो.

मेष्ट्रूंना हे सगळं शिकवलं होतं एका फ्रेंच पाद्रीबुवांनी. कॅन्टोन्मेंटात त्यांचा छोटा बंगला आणि मागे भाज्यांची बाग होती. मेष्ट्रू विशीत असताना नर्सरीतर्फे बियाण्यांची ऑर्डर घ्यायला गेले आणि मग अकरा वर्षं दर रविवारी जात राहिले. पाद्रीबुवांची नजर गेली होती. मेष्ट्रू त्यांना गावाकडून आलेली पत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं वाचून दाखवत, आणि ते वाचन सुधारत. पाद्रीबुवांचं गाव स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरात. वडील अलीकडचे, आई पलीकडची. म्हणून दोन्ही भाषा. एका घरात दोन्ही क्रियापदं एकमेकांचे कपडे घालून फिरायची. पाहुणा आला की त्यांच्याकडे फ्रेंच बोलतानासुद्धा 'कोट सोडा' म्हणायचे, कोट काढा अशा अर्थाने. पुस्तकी फ्रेंचला ते रुचत नाही. मेष्ट्रूंच्या पाकिटात त्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर लाल शाईने एक फूल काढलेलं होतं.

पाद्रीबुवा गेले त्याला वीस वर्षं होत आली होती. या वीस वर्षांत मेष्ट्रूंच्या कानावर फ्रेंच माणसाचा आवाज पडला नव्हता. पत्रं यायची. पत्रांना आवाज नसतो. हे मला अक्काने सांगितलं. मेष्ट्रू असलं काही स्वतःहून बोलत नसत.

आमच्या कारखान्यात मुंबईचा एक जण होता. तोही फ्रान्सला जायच्या खटपटीत होता, पण त्याने भाषा शिकवणाऱ्या तबकड्यांचा संच मागवला होता. जयनगरात त्याची खोली होती. एकदा सुट्टीच्या दिवशी गेलो तर तबकडी लावलेली. कुणी बाई फ्रेंचात स्टेशनचा रस्ता विचारत होती. स्वच्छ, खणखणीत, एकेक 'स' सुरीने कापल्यासारखा.

"तू बोल बघू काहीतरी," तो म्हणाला.

मी ओठ आत घेतले आणि बोललो. तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग गादीवर आडवा पडून हसायला लागला. "अरे, तू कवळी काढून बोलतोस की काय?"

मी त्या संध्याकाळी सायकल हातात धरून चालत परत आलो. बसायचं सुचलं नाही. चालता चालता सगळं लक्षात आलं. म्हाताऱ्या पाद्र्याच्या तोंडात दात नव्हते. त्याचं बोलणं ऐकून ऐकून आमचे मेष्ट्रू फ्रेंच शिकले, आणि बोळक्या तोंडाचा उच्चार हाच फ्रेंचांचा उच्चार समजून त्यांनी तो आम्हा सातजणांच्या तोंडात बसवला. मला इतका संताप आला की मी वाटेत एकदा मोठ्याने "मूर्ख!" म्हणालो. एका गाईने मान वर करून बघितलं.

मग मी दोन तोंडांचा झालो. रात्री जेवण झालं की मुंबईकराच्या तबकड्या, आणि मंगळवारी-गुरुवारी मेष्ट्रूंचा व्हरांडा. क्लास सोडायचा धीर होत नव्हता आणि खरं सांगायचं तर तसं फ्रेंच व्याकरण बंगलोरात दुसरं कुणी शिकवत नव्हतं. हळूहळू माझे ओठ सुटले. एका मंगळवारी मी धडा वाचला आणि मेष्ट्रू मान खाली घालून ऐकत राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "आज ओठ बाहेर आले तुमचे." मी काहीतरी थातुरमातुर बोललो. त्यांनी पुढच्याला वाचायला सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी मला 'ओठ आत' म्हटलं नाही.

यंत्रांच्या कंपनीचा फ्रेंच इंजिनिअर यायचा ठरला. सोमवार ते बुधवार, तीन दिवस. तो कारखाना बघणार होता आणि जाताना दोघांची निवड करणार होता. दुभाषा हवा होता. आमचे वर्क्स मॅनेजर गुलाबांचे शौकीन, नर्सरीत नेहमी जायचे. त्यांनी मेष्ट्रूंना तिथेच विचारून ठेवलं, याल का, शनिवारपर्यंत नक्की कळवतो.

हे मला गुरुवारी कळलं. व्हरांड्यातल्या खुंटीवर काळा बंद गळ्याचा कोट लटकत होता, इस्त्री केलेला. तो मी कधी पाहिला नव्हता. अक्काचा चेहरा फुलला होता.

"पाद्रींच्या मातीला गेले होते, त्यानंतर अंगाला लावले नाहीत तो कोट," ती म्हणाली. "मी शिवणी उसवून स्वल्प सैल केले. सोमवारी जाणार. परदेशी साहेबाशी बोलायला."

मेष्ट्रू त्या दिवशी शिकवताना मधेच गप्प व्हायचे आणि ओठ हलवायचे. एकदा म्हणाले, "मी ऐकलो तर मला समजेल ना हो? वीस वर्षं झाली." सातही जण म्हणाले, असं काय मेष्ट्रे, तुम्हाला नाही समजणार तर कुणाला. मीही म्हणालो. मी तर सगळ्यांत मोठ्याने म्हणालो.

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. मेष्ट्रूंचा मीच त्यातल्या त्यात हुशार विद्यार्थी, असा माझा लौकिक होता. "कसे आहेत तुमचे मास्तर?" त्यांनी विचारलं. "तीन दिवस फिरायला जमेल ना? गाडी पाठवू ना सोमवारी?"

माझ्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं. काळा कोट घातलेले मेष्ट्रू ओठ आत वळवून बोलताहेत, तो फ्रेंच माणूस हसू दाबतोय, सगळा कारखाना बघतोय, आणि मग तो विचारतोय, यांचे विद्यार्थी कोण? मी स्वतःला सांगितलं, मी मेष्ट्रूंना वाचवतोय. त्यात थोडं खरंही होतं. पण बरंचसं मी मलाच वाचवत होतो.

"साहेब, त्यांची तब्येत हल्ली बरी नसते," मी म्हणालो. "तीन दिवस झेपणार नाही त्यांना. आणि ते कुणाला नाही म्हणत नाहीत."

मॅनेजरसाहेब हळहळले. मग म्हणाले, "तर मग तुम्हीच करा दुभाष्याचं काम."

शनिवारी पाय उचलत नव्हते, पण गेलो. दारात अक्का. "आज क्लास नाही," ती म्हणाली, "त्यांना बरं नाही." मी आत डोकावलो. मेष्ट्रू खाटेवर झोपले होते, गळ्याभोवती मफलर, उशाशी एक टोपली आणि तिच्यात मोसंबी. व्हरांड्यातल्या खुंटीवर कोट नव्हता. मला बघून त्यांनी हात वर केला आणि खोकले.

मला काय वाटलं ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. मला हायसं वाटलं. माझी थाप खरी झाली होती. देवानेच सांभाळून घेतलं, असं म्हणून मी सायकलवर टांग मारली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

सोमवार ते बुधवार मी त्या फ्रेंच माणसाच्या मागे मागे फिरलो आणि तबकडीवरच्या बाईसारखं बोललो. तो खूश झाला. माझी निवड झाली. मुंबईकराचीही झाली.

निघण्याआधी मेष्ट्रूंना भेटायला गेलो. ते बरे झाले होते. त्यांनी पाद्रीबुवांच्या गावाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. "जमलं तर जा," ते म्हणाले. "काही करू नका, काही आणू नका. लोक कसे बोलतात तेवढं ऐकून या." मी बरं म्हटलं. चिठ्ठी एका पुस्तकात ठेवली आणि विसरलो.

फ्रान्समधल्या त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते इथे नको. परतायचा शेवटचा आठवडा आला, सामान आवरताना चिठ्ठी हाताला लागली आणि मन खायला लागलं. दोन गाड्या बदलून एका लहानशा स्टेशनावर उतरलो, तिथून बस. डोंगराच्या कुशीत चाळीसेक दगडी घरं आणि एक चर्च. चर्चमध्ये चौकशी केली. पाद्रीबुवांच्या भावाची मुलगी अजून होती. नव्वदीला टेकलेली बाई, घरासमोर बाकावर शेंगा सोलत बसली होती. मी हिंदुस्थानातून आलो म्हटल्यावर तिने परडी बाजूला ठेवली, माझा हात धरून मला आत नेलं आणि म्हणाली, "कीते वोत्र वेश्त." कोट काढा तुमचा.

मी जागच्या जागी उभा राहिलो. तो आवाज मला ओळखीचा होता. त्या बाईच्या तोंडात एक दात नव्हता. 'स'चा 'श', 'व'चा वारा, आणि वाक्य संपताना तो किंचित वर जाणारा हेल. हेल! तो दात नसल्यामुळे नव्हता. तो त्या गावाचा होता. चर्चमधला तरुण पाद्री, बसचा ड्रायव्हर, सगळेच त्या हेलात बोलले होते आणि मी लक्षच दिलं नव्हतं. तो हेल मी राजाजीनगरात बाकावर बसून महिनोन् महिने घोटला होता.

मी काही ठरवलं नव्हतं. माझे ओठ आपोआप आत गेले. मी तिचे आभार मानले, बसायची परवानगी मागितली, अशी दोनतीन वाक्यं बोललो असेन. मग तिने भिंतीला हात टेकला.

"हे तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली. "हे काकांचं बोलणं आहे. काका असेच बोलायचे. पोरा, बोल. आणखी बोल काहीतरी."

मी तिच्याशी तासभर बोललो. ती बहुतेक वेळ डोळे मिटून ऐकत होती. काका घरातून गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. मग म्हातारपणी एकदाच, डोळे जायच्या आधी, ते वर्षभर राहायला आले होते. तोपर्यंत दात गेले होते. "कवळी होती," ती म्हणाली, "पण ती फक्त प्रार्थनेला लावायचे. लॅटिनला दात, आम्हाला बोळकं." आणि ती खूप हसली.

बोटीवर तीन आठवडे मला दुसरं काही सुचलं नाही. बंगलोरला उतरलो, सामान खोलीवर टाकलं आणि सायकल काढली. राजाजीनगरात मधल्या तीन प्लॉटांपैकी दोनांवर घरं उठली होती. व्हरांड्यात बाक तसाच होता. मेष्ट्रू थोडे वाकले होते.

मी सगळं सांगितलं. ते गाव, ती बाई, तिचं ते वाक्य. आणि लॅटिनच्या दातांचं सांगितल्यावर मेष्ट्रू म्हणाले, "हो, हो. पेल्यात ठेवलेले असायचे. प्रार्थनेची घंटा झाली की मीच काढून द्यायचो हातात."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षण लागला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? दात नसल्यामुळे ते तसं बोलतात हे?"

"अय्यो, मला दिसत नव्हतं काय?"

"मग आम्हाला ओठ आत घ्यायला का लावलंत?" माझा आवाज चढला. वर्षापूर्वीचा राग अजून कुठेतरी शिल्लक होता.

मेष्ट्रू शांतपणे माझ्याकडे बघत होते. "पुणेकर, मी फ्रेंच एकाच माणसाकडून ऐकलो. पुस्तकं पुष्कळ वाचलो, पण ऐकलो एकाच तोंडातून. दात घालून शिकवायचं तर दातांचे उच्चार मी मनाने ठरवलो असतो. जे ऐकलो ते तरी खरं होतं. आणि दुसरं काय..." ते थांबले. "पाद्री गेल्यावर त्यांचं बोलणं माझ्या एकट्याच्या तोंडात राहिलं होतं. माझ्यामागे ते जाणारच होतं. तुम्ही सातजण आलात, तर मला वाटलं, राहू दे स्वल्प. तुमचं त्यात नुकसान झालं असेल. ते चूक मी केलो."

आता मला बोलायला हवं होतं. त्याचसाठी तर इतक्या घाईने आलो होतो. मी म्हणालो, "मेष्ट्रे, मला एक सांगायचं आहे. तो साहेब आला होता तेव्हा..."

"थांबा," ते म्हणाले, "आधी ते वाक्य लिहून ठेवू. पाकीट आणतो." आणि उठून आत कपाटाकडे गेले. मला तेव्हाही वाटलं की मी काय सांगणार हे त्यांना माहीत असावं.

अक्का कॉफीचे पेले ठेवत होती. ती वाकूनच, हळू आवाजात बोलली. "नका सांगू त्यांना. ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्या शनिवारी सकाळी तुमच्या मॅनेजरांचा ड्रायव्हर आला. मोसंबी घेऊन. म्हणाला, मास्तरांची तब्येत बरी नाही असं पुणेकर इंजिनिअरांनी सांगितलं, साहेबांनी पाठवलं, उद्या साहेब स्वतः बघायला येतील. हे तिथे कोट घालून बघत होते, आरशासमोर. सगळं ऐकले. मी म्हणणार होते, कोण म्हणाला आजारी, धडधाकट आहेत की. हे मला हाताने गप्प केले. कोट काढले, माझ्या हातात दिले. मफलर मागितले आणि जाऊन झोपले."

मी आतल्या खोलीकडे बघितलं.

"मी भांडले. हे म्हणाले, उद्या साहेब येऊन मला चालताना बघितले तर पोरगा खोटा पडेल. मग त्याला पाठवतील काय? त्याला जायचं आहे. रविवारी साहेब आले, तर खोकून दाखवले. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस उठले नाहीत खाटेवरून. तो परदेशी गावातून जाईपर्यंत." अक्काने पदराने पेल्याची कड पुसली. "मोसंबी मात्र खाल्ले नाहीत. सगळी मला खायला लावले."

आत खण ओढल्याचा आवाज झाला. उशिराचा कोबी. मेष्ट्रू दोरा बांधलेलं पाकीट घेऊन बाहेर आले, बाकावर माझ्याशेजारी बसले, मांडीवर कोरी चिठ्ठी ठेवली आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. अक्का आत गेली. ती काय बोलली हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी माफी मागितली नाही. ती मागायला मला आजपर्यंत शब्द मिळालेला नाही, मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही आणि ज्या भाषेसाठी एवढं केलं तिच्यातही नाही.

"हं," मेष्ट्रू म्हणाले. "ती म्हातारी काय म्हणाली? तसंच म्हणा. तिच्यासारखं."

मी ओठ आत घेतले. ओठ दातांखाली घट्ट धरले की रडूही आवरता येतं, हे मला तेव्हा कळलं. "कीते वोत्र वेश्त," मी म्हणालो.

मेष्ट्रूंनी डोळे मिटले. पेन्सिल तशीच हातात राहिली.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हणालो.